तालमीत कुस्ती फुकट, मग चित्रकलेला फी कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे. काटछाट केली तरी हरकत नाही, फक्त पोरींचं आणि पोरांच्या मजुरीचं जे खाली लिहिलंय तेवढं कापू नका. आणि मोबाईलवर बोलून टाइप करतोय, त्यामुळे शुद्धलेखनाचं तुम्हीच बघून घ्या.

मी शिवाजी पेठेतला जुना बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, नंबर प्लेटी, इलेक्शनच्या भिंती, सगळं केलंय. फ्लेक्स आल्यापासून काम आटलं, आता देवळांच्या पाट्या आणि हौशी लोकांच्या बंगल्यांची नावं एवढंच राहिलंय, पण त्याची तक्रार नाही, जमाना बदलतो. तक्रार वेगळी आहे.

आपल्या कोल्हापुरात एखाद्या पोराला कुस्ती शिकायची असली तर तो तालमीत जातो, वस्तादांच्या पाया पडतो आणि मातीत उतरतो, शिकवण्याची फी त्याला कोणी विचारत नाही. खुराकाचं घरच्यांना बघावं लागतं, बदाम आणि तूप काय आता गरिबाच्या आवाक्यात राहिलेलं नाही, पण डाव शिकायला पैसे लागत नाहीत. फुटबॉलचं तेच, पाटाकडील म्हणा, दिलबहार म्हणा, खंडोबा म्हणा, पेठेतलं पोरगं मोठ्या पोरांच्या मागं मागं मैदानावर जाऊन शिकतं. मर्दानी खेळाचंही तसंच, संध्याकाळी लाठी फिरवायला शिकवणारे वस्ताद अजून आहेत आणि ते पदरचे पैसे घालून शिकवतात. आणि त्याच पेठेतल्या चौदा वर्षांच्या पोराला पेन्सिल कशी धरायची ते शिकायचं असेल तर? क्लास लावा. क्लासची फी, वर सामान, कार्ट्रिज पेपर, टू-बी फोर-बी सिक्स-बी पेन्सिली, पोस्टर कलरच्या बाटल्या, चार नंबरचे ब्रश, बोर्ड, क्लिपा, कंपासपेटी. ज्याच्या घरात आठवड्याचा बाजार उधारीवर भरला जातो त्या घरात ही यादी वाचूनच विषय संपतो.

आणि आपण स्वतःला कलानगरी म्हणवून घेतो.

मध्यंतरी आमच्या गल्लीतली एक बाई पोराला घेऊन दुकानात आली, चार घरची धुणीभांडी करते, पोरगं नववीत. पोराने गणिताच्या वहीच्या मागं बैल काढला होता, बेंदराचा, शिंगं रंगवलेला, आणि साहेब, खांद्याचा वशिंडाचा भाग त्याने असा बरोबर पकडला होता की माझ्याच्याने झाला नसता. ती म्हणाली, पेंटर, याला शिकवा की, क्लासवाले वर्षाचे पैसे एकदम मागायलेत. मी म्हटलं पाठवून द्या. पण मी एक शिकवणार, दोन शिकवणार, बाकीच्यांचं काय? त्या वर्गात असली अजून दोन पोरं असतील, त्यांची आई माझ्या दुकानापर्यंत पोचणार कशी?

आता कोणी म्हणेल, पूर्वी तरी कुठं होते फुकट क्लास? नव्हते, क्लास नव्हतेच, पण शिकायच्या जागा होत्या. मी ज्या पेंटरकडे शिकलो तिथं फी नव्हती, उलट शनिवारी चहा-भज्याचे पैसे मिळायचे. सुरुवातीला रॉकेलमध्ये ब्रश धुवायचे, डबे पुसायचे, मग भिंतीला चुना, मग खडूच्या दोरीने रेघा मारायच्या, दोघांनी दोन टोकं धरायची आणि मधून दोरी ओढून सोडायची की भिंतीवर सरळ रेघ उमटते. मग फोटोवर चौकटी टाकून त्याच चौकटी मोठ्या करून भिंतीवर टाकायच्या, हीरोचं नाक कुठल्या चौकटीत येतंय ते बघायचं. अक्षराला हात लावायला मिळेपर्यंत वर्ष जायचं, पण त्या वर्षात डोळा तयार व्हायचा. आता फ्लेक्सच्या दुकानात पोरगं शिरलं तर त्याला काय बघायला मिळतं? कॉम्प्युटरवर तयार डिझाइन उघडायचं, नाव बदलायचं, फोटो डकवायचा, मशीन चालू. पोटापाण्याला ठीक आहे, शिकण्याला नाही.

दुसरी जागा कुंभार गल्ल्यांची. गंगावेशीत म्हणा, शाहूपुरीत म्हणा, बापट कॅम्पात म्हणा, गणपतीच्या सीझनला आजूबाजूची पोरं कारखान्यात जायची, घासकाम करता करता डोळे आखायला शिकायची. हे अजून थोडं टिकून आहे, पण बाहेरून तयार मूर्ती येतात आणि स्प्रे गनने एका दिवसात ढीग रंगवून होतो, तिथं शिकाऊ पोराला उभं राहायला जागा उरत नाही. आणि तिसरी जागा म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे सर. आमच्या वेळी हायस्कूलला ड्रॉइंगचा स्वतंत्र वर्ग असायचा, प्लास्टरचे मॉडेल, लाकडी घन, शंकू, दंडगोल, कोपऱ्यात मातीचा माठ, सर सुट्टीच्या दिवशीपण शाळा उघडायचे. आता किती शाळांत पूर्णवेळ चित्रकला शिक्षक राहिलाय ते तुमच्या वार्ताहराने एकदा फिरून बघावं, बातमी होईल. सर रिटायर झाले की जागा भरत नाहीत, तास गणिताला नाहीतर इंग्रजीला जातो. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभराच्या वर पोरं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ निदेशक पाहिजेत, अर्धवेळ का होईना पण पाहिजेत. आणि नववी-दहावीला, जिथं पोराला खरं काय आवडतं ते कळायला लागतं, तिथं तर तो कायदाच पोचत नाही, तो चौदा वर्षांपर्यंतच. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात कला आणि अभ्यास यांच्यात भिंत ठेवायची नाही असं छान लिहिलंय. आमच्या इथं आधी तासच ठेवला नाही तर भिंत पाडायची कुठली.

म्हणजे तिन्ही जागा गेल्या किंवा जायला लागल्या, आणि त्या रिकाम्या जागेत क्लास आले. क्लासवाल्यांवर माझा राग नाही हो, त्यांनीही पैसे घालून डिप्लोमा, डिग्र्या केल्यात, सरकार नोकरी देत नाही मग त्यांनी पोट भरायचं कशावर. पण क्लासात काय शिकवतात ते बघा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, सरकारच्या ड्रॉइंगच्या दोन परीक्षा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव मार्क मिळतात, अ ला ७, ब ला ५, क ला ३, आणि पंच्याण्णव टक्क्यांच्या मारामारीत ७ मार्क म्हणजे सोनं. त्यामुळे ज्याला चित्रकलेचं काही पडलेलं नाही तेही पोर क्लासला, आणि ज्याला रात्री झोप लागत नाही चित्राशिवाय ते बाहेर. वर स्मरणचित्र, म्हणजे बघितलेलं आठवून काढायचं चित्र, तेच पाठ करून घेतात! बाजाराचं दृश्य, बागेतली मुलं, पावसातली छत्री, ठरलेली चार-पाच चित्रं गिरवून गिरवून हातात बसवायची आणि परीक्षेत उतरवायची. त्याला स्मरणचित्र म्हणायचं तर पाढ्यांनापण म्हणा. परीक्षा वाईट नाही, वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं कामाचं आहे, मी स्वतः त्या परीक्षेची अक्षरं घोटून पेंटर झालो, पण ७ मार्कांनी तिचं पार ट्यूशन करून टाकलं.

तर मुद्दा असा की तालमीने जे कुस्तीसाठी केलं ते तालमीनेच चित्रकलेसाठी करावं. प्रत्येक पेठेत तालीम मंडळाची इमारत आहे, बहुतेक ठिकाणी वरचा हॉल आहे, तो वर्षातले किती दिवस भरलेला असतो? गणपती, शिवजयंती, मीटिंगा, एखादं रक्तदान शिबिर. रविवारी सकाळी नऊ ते बारा तो हॉल तेरा ते सतरा वयाच्या पोरांसाठी उघडा ठेवायचा. प्रवेश फी नाही, सामान मंडळाचं, परीक्षेची सक्ती नाही. एवढंच मागणं आहे.

हे काय आपल्याकडे नवीन आहे असं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याच राजाने चित्रकार आबालाल रहिमान यांना दरबारात आश्रय दिला. मुंबईच्या जे. जे. कला शाळेतून शिकून आलेला हा माणूस मुंबईत नाव कमवायचं सोडून इथं रंकाळ्यावर, कोटीतीर्थावर, पंचगंगेच्या घाटावर बसून चित्रं काढत राहिला, आणि महाराज गेल्यावर दुःखाने त्याने बरीचशी चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं जुनी माणसं सांगतात. बाबूराव पेंटर तर शाळा-कॉलेजात चित्रकला शिकलेच नव्हते, मिस्त्रीकाम करणाऱ्या घरातले, चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटकाचे पडदे रंगवायचे, आणि आनंदराव १९१६ ला गेल्यावर बाबूरावांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी हाताखाली काम करत करत तयार झाली, आणि १९२९ ला त्यांनीच कोल्हापुरात प्रभात काढली. तिथं कोणी फी भरून सर्टिफिकेट घेतलं नव्हतं. काम होतं, कामातून शिकणं होतं. सगळा देश ज्यांचे सिनेमे बघत होता ती माणसं ह्या गावाने अशी फुकटात घडवली आणि आज आपण एका पोराला रविवारचे तीन तास देऊ शकत नाही?

शिकवायचं कोणी, हा पहिला प्रश्न येणार. गावात कलानिकेतन आहे, दळवीज आहे, ही चित्रकलेची कॉलेजं, दरवर्षी पोरं शिकून बाहेर पडतात. ए.टी.डी. म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करणाऱ्यांना सराव पाठ घ्यावेच लागतात, त्यातले काही पाठ तालमीत घेतले तर त्यांचा सराव होईल आणि आमच्या पोरांचं शिक्षण. रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर घरी बसून कंटाळलेत, त्यांना फक्त कोणीतरी मानाने बोलवायला पाहिजे. जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार या कलासंस्थेची मैफल होते, एकीकडे गाणं चालू आणि दुसरीकडे मोठे मोठे चित्रकार, शिल्पकार सगळ्यांसमोर काम करतात, ती बघायला मी चुकत नाही. त्या गर्दीत मी दरवेळी बघतो, पेठांतली पोरं मागं उभी राहून टाचा उंचावून बघत असतात. बघायला फुकट आहे, करायला फुकट मिळालं पाहिजे.

शिकवायचं काय यावर माझी मतं जरा कडक आहेत. पहिला महिना रंगाला हात लावायचा नाही. रेघ. हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं, तांब्या विटेच्या किती पट उंच आहे, कांद्याची सावली कुठं पडली. महागडे मॉडेल लागत नाहीत, स्वयंपाकघरातली भांडी बास. मग अक्षर. देवनागरी अक्षर चपट्या ब्रशने लिहायचं, शिरोरेषा शेवटी मारायची, आणि दोन अक्षरांतलं अंतर फूटपट्टीने मोजायचं नाही, कारण 'र' च्या शेजारी जेवढी जागा लागते तेवढी 'म' च्या शेजारी सोडली तर पाटी फाटल्यासारखी दिसते, ते डोळ्याने पाडावं लागतं, आणि हे आजकालच्या फ्लेक्सवाल्यांपैकी कोणाला ठाऊक नाही, रस्त्याने चालताना माझं डोकं फिरतं, असो. मग बाहेर काढायचं पोरांना. भवानी मंडपात बसवायचं, घाटावर बसवायचं, रंकाळ्यावर तर बसवायचंच. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय आहे, कोल्हापुरातल्या किती पोरांनी हे बघितलंय? सहल काढतात शाळा, ती वॉटर पार्कला.

आता पोरींचं. मी तालीम तालीम करतोय खरा, पण तालमीत पोरीला पाठवणार कोण? आता पोरी कुस्ती खेळायला लागल्यात, चांगलंच आहे, तरी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला मंडळाच्या हॉलवर पाठवायला आई-बाप तयार होत नाहीत आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या हॉलच्या कट्ट्यावर दिवसभर कोण बसलेलं असतं ते आपल्याला माहितीय. त्यामुळे पोरींसाठी वेगळी सोय सुरुवातीपासूनच करावी लागेल, नंतर बघू म्हटलं की ते कधीच होत नाही. महानगरपालिकेच्या शाळेचा एखादा वर्ग, दुपारची वेळ, शिकवायला बाई, आणि दिवस उजेडी सुटी. आमच्या घरांतल्या पोरींच्या हातात कला भरपूर आहे, रांगोळी बघा, मेंदी बघा, लग्नसराईत मेंदी काढून पोरी घरखर्चाला हातभार लावतात. पण त्याला कोणी शिक्षण म्हणत नाही, त्यांनापण वाटत नाही की आपल्याला ड्रॉइंग येतं. एका मेंदीवाल्या पोरीला मी विचारलं की तू कागदावर का काढत नाहीस, ती म्हणाली कागदाचे कोण पैसे देणार.

ह्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला, कारण सगळा तिढा तिथंच आहे. फुकट म्हटलं म्हणजे फुकट होत नाही. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं रविवारी गॅरेजमध्ये जातं, मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जातं, भाजीच्या गाडीवर बसतं. तुम्ही क्लास फुकट ठेवला तरी त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणजे त्याच्या दृष्टीने तो क्लास महागच. मग येणार कोण? ज्यांना मजुरी करावी लागत नाही ते, म्हणजे ज्यांना क्लास परवडतो तेच. फुकट योजनांचं हे असंच होतं.

यावर अमेरिकेत एक उपाय काढलेला, माझ्या भाच्याने सांगितलं आणि मग मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. शिकागो शहराच्या मधोमध एक अख्खा ब्लॉक मोकळा पडून होता, बांधकाम रखडलेलं. तिथं १९९१ च्या उन्हाळ्यात महापौरांच्या बायकोने आणि शहराच्या सांस्कृतिक खात्याच्या बाईंनी मिळून तंबू ठोकले आणि शहरातल्या टीनएजर पोरापोरींना चित्रकारांच्या हाताखाली कामाला ठेवलं. गॅलरी ३७ नाव त्याचं. कामाला म्हणजे खरंच कामाला, पोरांना पगार होता! बाकं रंगवायची, म्युरल करायची, ती शहरात लागायची. पुढं त्यातूनच शाळा सुटल्यानंतरचा मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि तो अजून चालू आहे. मला हे ऐकून काय वाटलं असेल सांगा. ते मोठं नवीन म्हणून करतायत आणि आमचा पेंटर शनिवारी चहा-भज्याचे पैसे देत होता.

म्हणून माझं म्हणणं, हॉलमध्ये नुसता वर्ग नको, वर्गातल्या पोरांना काम द्या. गणपतीला मंडळं लाखांनी खर्च करतात, डॉल्बीवर किती जातात ते मी लिहीत नाही, मंडळाचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत सगळे. त्या खर्चातला मांडवाचा पडदा, कमानीची नक्षी, देखाव्याची मागची बाजू हे पेठेतल्या पोरांकडून करून घ्या आणि त्याचे पैसे त्यांना द्या. फ्लेक्सवर वाढदिवसाचे फोटो लावण्यापेक्षा एक भिंत द्या आणि त्यांना रंगवू द्या. महापालिका भिंती रंगवायचं कंत्राट काढते, 'स्वच्छ सुंदर' वगैरे, ते बाहेरचे लोक येऊन स्टेन्सिलने झाडं-पानं मारून जातात, त्यातला एक चौक पोरांना द्यायला काय हरकत आहे. शिकवणारा सोबत असेल, डिझाइन आधी कागदावर होईल, कच्चं काम कोणी भिंतीवर जाऊ देणार नाही. मी तर नाहीच.

लोक विचारतात, शिकून पोरं काय करणार, सगळे थोडेच चित्रकार होणार. नाहीच होणार, तालमीतला प्रत्येक पोरगा कुठं हिंदकेसरी होतो. गेल्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे २०२५ ला, त्या इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली तेव्हा सगळं कोल्हापूर खवळलं, व्हॉट्सॲपवर सगळेच चप्पल-तज्ज्ञ झाले, २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आमची चप्पल म्हणून अभिमान उफाळून आला. बरोबरच होतं ते खवळणं. पण सुभाषनगरात, जवाहरनगरात त्या कारागिराच्या घरात जाऊन बघा, बापाचा हात सोन्यासारखा, पोरगं दहावी झालं की कुरिअरच्या गाडीवर. त्या पोराला कोणी कागदावर डिझाइन काढायला शिकवलं असतं, चपलेच्या कानाचा आकार बदलला तर काय होतं, वेणी वेगळ्या पद्धतीने घातली तर कशी दिसेल, हे आधी रेखाटून बघायची सवय लावली असती, तर कदाचित त्याला धंद्यात राहावंसं वाटलं असतं. हुपरीच्या चांदीचं तेच, गुजरीतल्या साज घडवणाऱ्यांचं तेच. मालक बाहेरून कॅटलॉग आणतो, कारागीर बघून करतो. डिझाइन काढणाऱ्याचा वाटा बाहेर जातो. हे पैशाचं बोलतोय मी, नुसत्या हौसेचं नाही.

आणि ज्याला खरंच पुढं शिकायचंय त्याची वाट तर अजूनच अवघड. सरकारी कला महाविद्यालयं मुंबईत, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात, आपल्या भागात एकही नाही. त्यात डिग्रीला सीईटी, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, वर सामान्य ज्ञान. त्या सीईटीचेपण क्लास निघालेत आणि त्यांची फी ऐकून मी खुर्चीवर बसलो. ज्या पोराने तेरा ते सतरा वयात कोणाच्या हाताखाली रेघ मारली नाही तो त्या परीक्षेत पुण्या-मुंबईच्या पोरांपुढं कसा टिकणार?

पैशाचं गणित फार मोठं नाही. तीस पोरांचं एका वर्षाचं सामान, शिकवणाऱ्याला थोडं मानधन, चहा-बिस्कीट, हे सगळं मिळून एखाद्या मध्यम मंडळाच्या एका मिरवणुकीच्या खर्चात बसतं, उरतंसुद्धा. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामाला घालावे लागतात, त्यात शिक्षणपण येतं आणि पारंपरिक कला-हस्तकलापण येतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, आपल्याकडे फौंड्र्या काय कमी आहेत? पण त्यांच्यापर्यंत जायला एखादी नोंदणी केलेली संस्था लागते, हिशोब लागतो, आणि तालीम मंडळांकडे नोंदणी आहे, हिशोबाचं मात्र… तुम्ही समजून घ्या. म्हणून सामानाचे पैसे मंडळाच्या हातात न देता सामानच द्यावं असं माझं मत आहे. पेन्सिलीची डॉल्बी होत नाही.

एका पुढाऱ्याला मी हे सगळं बोललो होतो. ते म्हणाले कल्पना चांगली आहे, उन्हाळ्यात शिबिर घेऊ, उद्घाटनाला अमुक साहेबांना बोलवू, टी-शर्ट छापू. झालं पण तसंच. पाच दिवसांचं शिबिर, टी-शर्ट छान होते, पेपरात फोटो आला, तुमच्याच नाही, सगळ्याच. सहाव्या दिवशी हॉलला कुलूप. पाच दिवसांत पोराला पेन्सिल छिलायला येत नाही साहेब. मला शिबिर नकोय, वर्षभराचा रविवार पाहिजे, पाऊस असो, मॅच असो.

सुरुवातीला एकाच पेठेत करून बघूया. कुठलंही एक तालीम मंडळ आणि पोरींसाठी जवळची एक मनपा शाळा, एवढ्यावर दसऱ्यापासून सुरुवात करता येईल. कोणा मंडळाची तयारी असेल तर त्यांनी तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, मी येऊन भेटतो. अक्षरलेखन मी शिकवेन, मानधन नको, पण हॉलची एक किल्ली माझ्याकडे पाहिजे, किल्लीवाला झोपलाय म्हणून तीस पोरं जिन्यात बसून राहिलेली मला चालणार नाहीत. आणि वस्तुचित्र शिकवायला कोणी रिटायर सर किंवा बाई यायला तयार असतील तर त्यांनीही कळवावं, माझा त्यात हात जरा कच्चा आहे.

आपला,
एक बोर्ड पेंटर
शिवाजी पेठ, कोल्हापूर